बडोद्याहून समुद्रावर फॅमिली शूट: पैसे किती सांगायचे आणि फोटो कसे काढायचे

बडोद्यात समुद्र नाही. त्यामुळे इथलं एखादं कुटुंब जेव्हा म्हणतं की आम्हाला बीचवर फोटो काढायचेत, तेव्हा ते तासाभराचं काम नसतं, अख्खा दिवस असतो. आजी-आजोबा, मुलगा-सून, बंगलोरहून चार दिवसांसाठी आलेली मुलगी आणि जावई, दोन नातवंडं, डब्यात पोळी-भाजी आणि मेथीचे ठेपले, आणि हे सगळे बऱ्याच दिवसांनी एका गाडीत बसलेले. म्हणून नवीन शिकणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते की फोटोचा भाव काढू नका, दिवसाचा काढा, आणि दिवस ठरवताना सूर्यास्त बघायच्या आधी भरती-ओहोटी बघा. या दोन गोष्टी जमल्या तर कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या किट लेन्सवरही चांगलं काम होतं, आणि या दोन चुकल्या तर लाखाचा कॅमेरा असूनही उपयोग नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

माझं पहिलं बीच शूट सुरतजवळच्या डुमसला होतं. सूर्यास्ताची वेळ बघून साडेपाचला पोचलो, आणि समोर समुद्रच नाही, पाणी इतकं आत गेलेलं की मधे नुसता ओला चिखल चमकत होता. आजींचे पाय घोट्यापर्यंत रुतले, त्यांचे गुडघे आधीच दुखरे, सूनबाईंनी आणि मी दोघींनी धरून त्यांना परत आणलं, आणि मग रस्त्याच्या कडेला उभं करून जमतील तसे फोटो काढले. त्या कुटुंबाने काही बोलून दाखवलं नाही, पण मला रात्रभर झोप आली नाही.

गंमत म्हणजे भरती काय असते हे आपल्या बडोदेकरांना लहानपणापासून माहीत असतं, फक्त आपण ते इथे वापरत नाही. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बघितलंय ना, दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि पुन्हा वर येतं? तेच खंभातचं आखात. आपल्या देशात भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात जास्त असणाऱ्या जागांपैकी ही एक, भावनगरच्या बाजूला तर पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सुरतच्या किनाऱ्यावरही त्याचा परिणाम चांगलाच जाणवतो, किनारा सपाट असल्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी लांबच लांब मागे जातं.

आता हिशोब कसा करायचा बघा. भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज ती ५० मिनिटं पुढे सरकते. आज चारला भरती असेल तर उद्या पावणेपाच-पाचला. आठवड्याने त्याच चार वाजता जवळपास ओहोटी असेल, आणि १५ दिवसांनी फिरून पहिल्यासारखं. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, माझे मामा रत्नागिरीचे, ते बोटांवर मोजून सांगायचे, पण ते गणित तिकडच्या किनाऱ्याचं, आखातात पाणी आत सरकत येतं आणि वेळ बदलते, म्हणून इथे ते लावू नका. मोबाइलवर हजिरा किंवा डुमसचं भरतीचं वेळापत्रक काढा आणि मला विचाराल तर असा दिवस निवडा ज्या दिवशी सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी भरती होऊन गेलेली असेल. म्हणजे तुम्ही शूट करताना पाणी जवळ असतं, पण मागे जात असतं, तुमच्या अंगावर येत नसतं, आणि नुकतीच भिजलेली वाळू आरशासारखी चमकते, त्यात माणसांची प्रतिबिंबं फार सुंदर येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त असते, त्या दिवसांत लहान मुलं बरोबर असली तर मी तारीखच देत नाही. आणि गाडी वाळूत अजिबात उतरवू नका, कुणी कितीही म्हटलं "सगळे नेतात" तरी. डुमसला भरतीत गाड्या अडकल्याच्या बातम्या येत असतात.

जागा कुठली हा पुढचा प्रश्न. डुमस सगळ्यात जवळ, सुरतपासून वीसेक किलोमीटर, पण शनिवार-रविवारी गर्दी भयंकर, भजी आणि मक्याच्या लाऱ्या, उंट, घोडे, तुमच्या प्रत्येक फ्रेममधे कुणीतरी. जमलं तर मधल्या वारी जा. तिथल नावाचा किनारा वलसाडपासून चार-पाच किलोमीटरवर, तिथे मंदिरं आहेत म्हणून आजी-आजोबा खुश होतात आणि दर्शन-फोटो दोन्ही एका फेरीत होतं. दांडीला मिठाच्या सत्याग्रहाचं स्मारक आहे, २०१९ साली झालं, मुलांना दाखवण्यासारखं आहे, फक्त मग वेळेचा हिशोब जास्त धरा. नारगोल मला सगळ्यात आवडतं कारण तिथे सुरूची झाडं आहेत, सावली मिळते आणि मागे समुद्र नको असेल तेव्हा झाडांच्या रांगेत फोटो काढता येतात, पण ते लांब आहे, एका दिवसात जाऊन-येऊन सगळे दमतात. नवीन असाल तर आधी बडोद्यातल्या कमाटीबागेत सकाळी एखाद्या ओळखीच्या कुटुंबावर हात बसवा, मोठा ग्रुप उभा करायची सवय तिथेच होते. पाणी हवं म्हणून विश्वामित्रीच्या काठावर मात्र कुणाला नेऊ नका, मगरी आहेत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना माहीत नसतं, आपल्याला आहे.

पैशाचं आता

फोन येतो तो बहुतेक असा येतो: "अगं, तू तर आपल्या शेजारच्यांची भाची ना, दोन-तीन हजारांत होईल ना सगळं?" गुजराती क्लायंट असेल तर "थोडुं ओछुं करो ने, बेन", म्हणजे थोडं कमी करा ना, ताई. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं, आणि ते मी प्रेमाने देते, पण हिशोब घरी आधीच करून ठेवलेला असतो म्हणून अडखळत नाही. तो हिशोब असा.

डुमस जाऊन-येऊन साधारण ३४० किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर २३ लिटर, ९५ च्या भावाने जवळजवळ २,२०० रुपये. टोल आणि दिवसभराचं खाणं-पाणी १,००० धरा. लेन्स भाड्याने आणली तर ८०० धरा. रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परत टाकणारा पांढरा पडदा) धरायला आणि मुलांना हसवायला कुणीतरी लागतंच, त्याचे किंवा तिचे १,०००. कॅमेऱ्याची झीज लोक धरतच नाहीत, मी धरते. समजा सगळं सामान ९०,००० चं, तीन वर्षं चाललं आणि वर्षाला ६० शूट केले तर एका शूटवर ५०० रुपये बसतात. हे झाले ५,५००. यात तुमची स्वतःची मेहनत अजून आलेलीच नाही! दुपारी १२ ला निघालात आणि रात्री ११ ला घरी आलात तर ११ तास, फोटो निवडणं आणि एडिट ७ तास, फोन, मेसेज, डिलिव्हरी २ तास, एकूण २०. नवीन आहात म्हणून तासाला फक्त ३०० धरले तरी ६,०००. म्हणजे ११,५०० झाले, त्यावर पावसामुळे परत जावं लागलं किंवा कार्ड खराब झालं अशा गोष्टींसाठी थोडं, दीड हजार, म्हणून १३,०००. हे माझे आकडे झाले, तुम्ही तुमच्या गाडीचे, तुमच्या सामानाचे टाका, पण कागदावर लिहून काढा, डोक्यात ठेवू नका.

मग तोच आकडा कमी करायचे खरे मार्ग असतात, आणि क्लायंटला भाव नाही, तर मार्ग सुचवायचा. ते स्वतःच्या मोठ्या गाडीत जाणार असतील आणि तुम्हाला बसवून नेणार असतील तर पेट्रोल-टोल वजा करा. दोन कुटुंबं एकाच दिवशी तयार झाली, बहुतेक वेळा बहिणी-बहिणी किंवा एकाच सोसायटीतले असतात, तर प्रवासाचा खर्च दोघांत वाटा आणि प्रत्येकाला एक-एक तास द्या. थंडीत सूर्यास्त सहाच्या आसपास असतो, एकाला साडेचार आणि दुसऱ्याला साडेपाच असं बसतं. किंवा बीचऐवजी कमाटीबाग, दोन तास, त्याचा वेगळा आणि बराच कमी भाव.

पहिली तीन-चार शूट शिकण्यासाठी करताय तर फी घेऊ नका हवं तर, पण खर्च घ्याच. आत्याचं असलं तरी. फुकट केलेल्या कामात वेळ पाळला जात नाही, सहा जणांऐवजी अकरा येतात, हे मी दरवेळी बघितलंय, आणि त्यात नाती पण ताणली जातात. काकूंना सरळ सांगायचं, "काकू, माझी फी राहू द्या, शिकतेय मी, पण गाडीचा आणि मदतनिसाचा खर्च तुमच्याकडे." कुणी नाही म्हटलेलं नाही मला आजवर.

अर्धे पैसे तारीख ठरताना यूपीआयने, उरलेले शूटच्या दिवशी निघायच्या आधी किंवा फोटो देताना, पण हे आधी ठरलेलं पाहिजे. भाव प्रत्येक फोटोचा लावू नका, मग लोक पाच निवडतात आणि तुमचे २० तास पाचावर येऊन बसतात. एक पॅकेज सांगा: दीड-दोन तास, दहा माणसांपर्यंत, एडिट केलेले ३५ फोटो, १५ दिवसांत. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल) देत नाही हेही तेव्हाच सांगा. पाऊस किंवा कुणी आजारी पडलं तर एकदा तारीख फुकट बदलून, त्याच दिवशी रद्द केलं तर अॅडव्हान्स परत नाही. आणि मुलांचे फोटो इन्स्टावर टाकणार असाल तर त्यांच्या आई-वडिलांना विचारून, हो किंवा नाही लेखी घ्या. हे सगळं एका व्हॉट्सअॅप मेसेजमधे साध्या मराठीत लिहून पाठवायचं आणि त्यांचं "ओके" आलं की तारीख पक्की. मोठा करारनामा लागत नाही, पण लिहिलेलं लागतं.

निघायच्या आधी

कपड्यांबद्दल विचारतात तेव्हा लक्षात ठेवा, डुमस आणि तिथलची वाळू काळपट आहे. इंटरनेटवरचे पांढऱ्या वाळूवरचे फोटो बघून लोक सगळे एकसारखे गडद निळे घालून येतात आणि वाळूत मिसळून जातात. हळदी पिवळा, मोतिया, फिका निळा, अबोली, असे रंग सांगा, सगळ्यांनी अगदी एकच नको. समुद्रावर वारा असतो, साडीचा पदर आणि ओढणी उडते, ते सुंदर दिसतं पण तोंडावर येतं, म्हणून सेफ्टी पिनांची डबी बरोबर ठेवा. आजींसाठी हलकी घडीची खुर्ची न्या, हे मी पहिल्या शूटनंतर एकदाही विसरले नाही. टॉवेल, पिण्याचं पाणी, मुलांचा एक जादा कपड्यांचा जोड, आणि कुटुंबाला सांगा की जेवून-खाऊन निघा, भुकेलं मूल हसत नाही. सकाळी सेव-उसळ खाऊन निघालेल्या ग्रुपला मी दुपारी हायवेवर चहासाठी थांबवतेच, दहा मिनिटं जातात पण सगळे मोकळे होतात.

तुमचं सामान: दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, लेन्स पुसायचं फडकं, आणि स्टेशनरीच्या दुकानातला थर्माकोलचा मोठा पांढरा शीट. हा शीट म्हणजे गरिबाचा रिफ्लेक्टर आणि इथे तो लागतोच, कारण पांढरी वाळू खालून उजेड परत फेकते, काळी वाळू नाही फेकत, मग डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळोख दिसतो, म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर तर फारच.

प्रत्यक्ष फोटो

गाडीत एसी असतो आणि बाहेर दमट हवा, बॅगेतून कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. पोचल्यावर बॅग बंदच ठेवून १५-२० मिनिटं थांबा, तेवढ्यात जागा बघून घ्या. एकदा वाळूवर गेलात की लेन्स बदलू नका, वाऱ्यात बारीक वाळू आणि मीठ उडत असतं.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे संध्याकाळी समुद्र मागे घेतला की सूर्यही मागे येतो, आणि कॅमेऱ्याला ऑटोवर सोडलं तर चेहरे काळे येतात. सूर्य बराच वर असताना कुटुंबाला थोडं तिरकं उभं करा, असं की सूर्य त्यांच्या खांद्याच्या बाजूने येईल, थर्माकोल समोरून धरा, आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) चेहऱ्यावर बघून ठेवा, आकाश थोडं पांढरं गेलं तरी चालेल. उलट, सूर्याकडे पाठ करून तुम्ही वाळूकडे बघून फोटो काढताय आणि फ्रेम भरून काळी वाळू आहे, तर कॅमेरा तिला उजळ करायला जातो आणि चेहरे पांढरे पडतात, तिथे एक्स्पोजर थोडं कमी करा. दर पाच-दहा मिनिटांनी स्क्रीनवर एक चेहरा झूम करून बघा, उजेड भराभर बदलत असतो.

आकडे हवे असतील तर: आठ-दहा जण दोन रांगांत असतील तर अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडतं ते) एफ ८, एका रांगेत एफ ५.६, फोकस पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यावर. उभी माणसं असतील तर शटर १/२५० सेकंद, पळणारी मुलं असतील तर १/८०० किंवा त्याच्याही वर. उजेड कमी झाला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १६०० पर्यंत बिनधास्त न्या, फोटोत थोडा दाणा आला तरी चालतो, हललेला फोटो चालत नाही. किट लेन्सचा झूम ३५ ते ५५ मिमीच्या मधे ठेवा, १८ वर ग्रुप काढलात तर कडेची माणसं रुंद होतात आणि कडेला नेमकी मावशी उभी असते. रॉ मधे काढा.

क्षितिजाचं एक साधं गणित आहे जे मला कुणी सांगितलं नव्हतं, उशिरा कळलं. सपाट वाळूवर तुमचा कॅमेरा जमिनीपासून जितक्या उंचीवर असतो, समुद्राची रेघ माणसांच्या अंगावरून तितक्याच उंचीवर जाते. कॅमेरा त्यांच्या गळ्याच्या उंचीला धरलात तर रेघ बरोबर गळ्यातून जाणार, सुरीसारखी. गुडघ्यावर बसा, कॅमेरा कमरेच्या उंचीला आणा, चेहरे मोकळ्या आकाशात येतात. आणि रेघ सरळ ठेवा, कॅमेऱ्यातली ग्रिड चालू करा.

क्रम हा पाळाच: सगळ्यात आधी पूर्ण कुटुंबाचा ग्रुप, सगळे कोरडे, केस नीट, मुलं ताजी असताना. आजी खुर्चीत, आजोबा शेजारी, बाकीचे त्यांच्याभोवती, उंच माणसं कडेला एकसारखी नकोत, खांदे एकमेकांना टेकू द्या, दोन माणसांत फट राहिली की फोटोत ती दुप्पट दिसते. लागोपाठ दहा तरी फ्रेम घ्या कारण आठ जणांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले असतातच. मग आजी-आजोबा दोघंच. याला घाई करू नका. त्यांना "हसा" म्हणू नका, एकमेकांशी बोलायला लावा, मी नेहमी विचारते की लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र कधी बघितला, आणि मग दोघं आपापसात वाद घालायला लागतात की मुंबईला का द्वारकेला, साल कुठलं, आणि तो वाद चालू असतानाचे फोटो त्यांच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडतात. त्यानंतर प्रत्येक छोटं कुटुंब, भावंडं-भावंडं, आणि पाण्यातली मुलं सगळ्यात शेवटी, एकदा भिजली की परत ग्रुपला येत नाहीत. मुलांजवळ पाण्यात एक मोठं माणूस कायम, तुम्ही कॅमेऱ्यातून बघताय म्हणजे तुमचं लक्ष आहे असं नाही.

सूर्य टेकायला आला की शेवटचा फोटो छायाकृतीचा. आता उलटं, आकाश बघून एक्स्पोजर ठेवा, माणसं काळी पडू देत, पण त्यांना एकमेकांपासून हातभर लांब, फक्त हात धरलेले, आणि चेहरे बाजूला वळवलेले, नाहीतर नुसता काळा ढीग दिसतो. दोन मिनिटांचं काम असतं. अंधार पडायच्या आत सगळ्यांना वर आणा.

घरी आल्यावर कितीही दमलेल्या असाल तरी कार्ड त्याच रात्री लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर, दोन्हीकडे, आणि डिलिव्हरी होईपर्यंत कार्ड पुसू नका. कॅमेरा किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्याने, ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. एडिटमधे त्वचा गुळगुळीत करू नका, आजींच्या सुरकुत्या त्यांच्याच राहू देत, फक्त उजेड, रंग आणि वाकडं क्षितिज. दोन दिवसांत पाच फोटो पाठवून द्या, बाहेरगावची मुलगी परत जायच्या आधी तिला ते बघायचे असतात, बाकीचे ठरल्या तारखेला गूगल ड्राइव्हवर.

आणि प्रिंटचं विचारा, बहुतेक नवीन मुलं-मुली विचारतच नाहीत. आपल्या मराठी घरांत हॉलमधे देवघराच्या जवळच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम अजूनही लागतेच, १२ बाय १८ इंचांची तरी. लॅबचा खर्च अधिक फ्रेमचा खर्च अधिक तुमच्या फेऱ्यांचे पैसे, असा वेगळा भाव सांगा, पॅकेजमधे फुकट घालू नका. फ्रेम बंद करायच्या आधी मागच्या पुठ्ठ्यावर तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं पक्क्या शाईने लिहून द्या, नावं आजींना विचारून, म्हणजे लाडाची नावं पण येतील.